राखेवर आणि गाळावर



बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या बहुतेकांनी फ्यूनेरियाची आकृती प्रयोगवहीत काढलेली असते. खाली मुळांसारखे बारीक तंतू, त्यांवर पानांचा झुबका, झुबक्यातून निघालेला लांब देठ आणि देठाच्या टोकाला मान वाकवून बसलेली कुपी. पेन्सिलीने काढायची, उजव्या बाजूला नावे द्यायची आणि सरांची सही घ्यायची. त्या आकृतीत सगळे असते, फक्त जमीन नसते. तंतू कोऱ्या कागदात लोंबकळत राहतात.

आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी फ्यूनेरिएसी हे मॉसचे कुल निवडले आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते अखेरपर्यंत शिक्षक होते. म्हणून पाठ्यपुस्तकातलाच नमुना घ्यावा आणि त्याच्या पायाखालची जमीन तेवढी भरून द्यावी, असे ठरवले. माझे म्हणणे थोडक्यात असे: या कुलाची लक्षणे नुसती मोजत बसलो, तर हाती यादी लागते. पण ‘ही जमीन किती दिवस उघडी राहणार आहे?’ हा एक प्रश्न मध्ये ठेवला, की त्या यादीतल्या एकेका लक्षणाचे कारण दिसू लागते.

आधी पत्ता पाहू. फ्यूनेरिया हायग्रोमेट्रिका ही या कुलातली सर्वांत दूरवर पसरलेली जाती. ती जवळजवळ जगभर सापडते. शेकोटीच्या जागी हमखास उगवते, म्हणून इंग्रजीत तिला शेकोटीचे मॉस असेही म्हणतात. जंगल जळून गेले, की पहिल्या-दुसऱ्या वर्षी काळ्या जमिनीवर तिचा हिरवा थर धरतो आणि पुढे त्यावर तांबूस देठांची दाटी होते. जळिताखेरीज तिची इतर ठिकाणेही ठरलेली आहेत: रोपवाटिकेतल्या कुंड्या, काचघरातल्या ओल्या फटी, चुन्याच्या जुन्या भिंतींचा पायथा, रस्त्याकडेला उपसून टाकलेली माती. वरवर पाहता या जागांचा एकमेकींशी संबंध नाही. पण प्रत्येक ठिकाणी जमीन नुकतीच उघडी पडलेली आहे, तिथे क्षारांची वाण नाही आणि ही स्थिती फार काळ टिकणारी नाही.

आगीने नेमके काय होते? एक तर पालापाचोळ्याचा थर जळून माती उघडी पडते. मॉस बियांपासून वाढत नाही, बीजुकांपासून वाढते. फ्यूनेरियाचे बीजुक साधारण १२ ते २० मायक्रॉनचे, म्हणजे फार तर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे असते. एवढ्या देहात शिदोरी ती किती मावणार? पाचोळ्याच्या जाड थरावर पडले, तर खालच्या मातीपर्यंत पोचण्याआधीच ते संपते. दुसरे म्हणजे, झाडाझुडपांत वर्षानुवर्षे साठलेले पोटॅशियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस राखेतून एकदम मोकळे होतात आणि मातीची आम्लता उतरते. तिसरे म्हणजे, ज्यांच्या सावलीत हे मॉस गुदमरले असते ते शेजारीच तिथे उरलेले नसतात.

पण ही चैन दोन-तीन पावसाळ्यांची. राखेतले क्षार धुपून जातात. सेराटोडॉन आणि पॉलिट्रायकम ही अधिक चिवट मॉस येतात, मागोमाग गवत आणि रोपे येतात. फ्यूनेरिया तिथून नाहीसा होतो. तोवर त्याची बीजुके वाऱ्यावर गेलेली असतात.

क्षारांनी भारलेल्या जमिनीची ही सवय त्याला आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. तांब्याच्या खाणींजवळच्या आणि धातू गाळणाऱ्या भट्ट्यांच्या परिसरातल्या विषारी मातीतही फ्यूनेरिया आढळला आहे. २०१७ साली जपानच्या रिकेन संस्थेतील संशोधकांनी दाखवले, की त्याचे कोवळे तंतू पाण्यातले शिसे इतके शोषतात, की ते तंतूंच्या कोरड्या वजनाच्या ७४ टक्क्यांपर्यंत जाते. यातले बहुतेक शिसे पेशीभित्तीतच अडकून राहते, आत शिरत नाही. सांडपाण्यातून शिसे वेगळे काढण्यासाठी मॉस वापरता येईल, ही कल्पना या प्रयोगातून पुढे आली.

आता कुलाकडे वळू. फ्यूनेरिएसीत पंधराच्या आसपास प्रजाती आणि दोनशेहून अधिक जाती आहेत. फ्यूनेरिया, एन्टोस्थोडॉन आणि फिस्कोमिट्रियम या तीन मुख्य प्रजाती. मॉसच्या शास्त्रीय नावांची गणना योहानेस हेडविग यांच्या १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून सुरू होते. हेडविग पेशाने डॉक्टर. मॉसमधले नर आणि मादी अवयव त्यांनी सूक्ष्मदर्शकातून ओळखले. ग्रंथ छापून येण्याआधी, १७९९ मध्ये, लाइपझिगला त्यांचे निधन झाले. आपल्या आकृतीतल्या मॉसच्या नावापुढे आजही त्यांच्या नावाचे संक्षिप्त रूप लिहिले जाते.

हे कुल ओळखायचे कसे? खिशातले भिंग काढा. एक सेंटिमीटरच्या आसपास उंचीची मऊ रोपे; रुंद, टोकदार पाने; वरची पाने मोठी आणि कळीसारखी मिटलेली. मधली शीर सोडली, तर पान एकाच पेशीच्या जाडीचे. आणि या पेशी मोठ्या, पातळ भित्तीच्या, हरितकणांनी भरलेल्या. उजेडाकडे धरले, तर पान जाळीदार दिसते. आपल्याकडे सिमेंटच्या आणि विटांच्या भिंतींवर हायोफिला नावाचे मॉस सर्रास असते. त्याच्याशी तुलना करून पाहा. हायोफिलाच्या पेशी लहान आणि दाट. ऊन तापले, की त्याची पाने कडेने आत गुंडाळतात आणि पाऊस येईपर्यंत तशीच तग धरतात. त्याची भिंत पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे, म्हणून त्याने टिकाऊ बांधकाम केले आहे. फ्यूनेरियाचे पान लवकर आणि स्वस्तात उभे केलेले आहे. पेशी मोठ्या ठेवल्या, भित्ती पातळ ठेवल्या, की थोड्या मालात जास्त पृष्ठभाग मिळतो आणि वाढ भरभर होते.

घाई आणखी कुठे दिसते? या मॉसमध्ये नर आणि मादी अवयव एकाच रोपावर, वेगवेगळ्या फांद्यांवर येतात. आधी नर फांदीच्या टोकाला नारिंगी-तांबूस चकती दिसते. तिच्यातल्या नर अवयवांमध्ये, टोकाला गोल फुगीर पेशी असलेले वांझ केस असतात. ही या कुलाची एक पक्की खूण. मग तिच्याच बगलेतून मादी फांदी निघते आणि नराला मागे टाकून वर जाते. नर पेशी पाण्याच्या थेंबातून पोहत जातात, म्हणून हे अंतर कमी असणे सोयीचे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दूरच्या एखाद्या जळितावर एकच बीजुक पडले, तरी त्यातून पूर्ण वसाहत उभी राहू शकते. जोडीदाराची वाट पाहावी लागत नाही. याची किंमतही आहे. एकाच रोपातल्या नर-मादीचे मीलन झाले, तर पुढच्या पिढीत नवे मिश्रण होत नाही. ज्याला उद्या ही जागा सोडायची आहे, त्याला हा व्यवहार परवडतो.

मीलनानंतर जे उभे राहते तोच आपल्या आकृतीतला देठ आणि कुपी. हा दुसऱ्या पिढीचा देह आईच्या देहात पाय रोवून उभा असतो आणि पाणी-क्षार तिच्याकडूनच घेतो. कोवळेपणी त्याच्या टोकावर आईच्याच पेशींची एक टोपी असते. या कुलात ती चांगली फुगीर आणि लांब चोचीची असते. आकृतीत आपण तिला नाव देतो आणि पुढे जातो. अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठात जेसिका बडकी, बर्नार्ड गॉफिनेट आणि सिंथिया जोन्स यांनी फ्यूनेरियावर काम करताना दाखवले, की या टोपीवर मेणचट आवरणाचे अनेक थर असतात आणि टोपीखालच्या अंकुराचे स्वतःचे आवरण तयार होण्याच्या कितीतरी आधी ते पुरे झालेले असतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी टोपीवरचे मेण काढून रोपे कोरड्या हवेत ठेवली. अंकुरांची वाढ खुंटली आणि त्यांना बीजुकेही कमी आली. उघड्या, तापणाऱ्या जमिनीवर हवेत उंच जाणाऱ्या कोवळ्या देठाला आईच्या टोपीची ही गरज सहज समजण्यासारखी आहे.

देठ रोपाच्या कित्येक पट उंच, तीन-चार सेंटिमीटरचा. हवा कोरडी झाली, की तो दोरीसारखा पिळला जातो. दमट झाली, की उलगडतो, आणि त्याबरोबर कुपी गरगर फिरते. कुपी हिरवी असते तोवर आपले थोडे अन्न स्वतः करते. तिच्या मानेवर रंध्रे असतात. इतर झाडांच्या रंध्राला दोन रक्षक पेशी असतात. फ्यूनेरियात त्या दोघींमधली भिंत पुरी होतच नाही, म्हणून कडे करून बसलेली दोन केंद्रकांची एकच पेशी मधल्या छिद्राची राखण करते.

झाकण गळाले, की कुपीच्या तोंडावर दातांची दोन वर्तुळे दिसतात, सोळा बाहेर आणि सोळा आत. दातांची दोन वर्तुळे असलेल्या बहुतेक मॉसमध्ये आतले दात बाहेरच्या दातांच्या फटींसमोर येतात. फ्यूनेरियात ते नेमके बाहेरच्या दातांच्या समोर येतात. वर्गीकरणात या मांडणीला मोठे महत्त्व आहे. बाहेरचे दात तिरके वळून मध्यभागी एका बारीक जाळीदार चकतीला जोडलेले असतात. हवा कोरडी असली, की त्यांच्यामधल्या फटी उघडतात आणि चिमूट-चिमूट बीजुके बाहेर पडतात. हवा दमट झाली, की फटी मिटतात. म्हणजे उंच देठ, फिरणारी कुपी, वाकलेली मान आणि दातांचा दरवाजा ही सारी यंत्रणा एकाच कामासाठी आहे. बीजुके लहान, पुष्कळ आणि कोरड्या वाऱ्यात दूर जाणारी हवीत. कारण पुढचे जळित कुठे होईल, याचा नेम नाही.

इथवरची गोष्ट राखेची झाली. आता गाळाकडे जाऊ.

याच कुलातले फिस्कोमिट्रियम तळ्याकाठच्या, ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर, शेतातल्या ओलसर ढेकळांवर वाढते. त्याचा देठ आखूड आणि कुपी सरळ. तोंड रुंद, पेल्यासारखे, आणि दात एकही नाही. याच प्रजातीतल्या फिस्कोमिट्रियम पेटन्समध्ये तर देठ जवळजवळ नाहीच. कुपी पानांत लपून बसते. तिला झाकणही नाही. भित्ती फुटली, की बीजुके तिथल्या तिथे सांडतात. ती ३० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे फ्यूनेरियाच्या बीजुकांहून बरीच मोठी.

ही जाती युरोपात उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरलेल्या तळ्यांच्या गाळावर उगवते आणि हिवाळ्यात पाणी चढण्याआधी आपला संसार आटोपते. प्रयोगशाळेत तिला जननेंद्रिये आणायची, तर तापमान १५ अंशांवर उतरवून दिवस आठ तासांचा करावा लागतो. दिवस लहान आणि गार झाले, म्हणजे पाणी चढायची वेळ जवळ आली, ही खूण तिच्या देहात मुरलेली आहे. पण तिचा गाळ दर वर्षी त्याच जागी उघडा पडतो. मग वाऱ्यावर दूर जाण्यात काय हशील? उत्तम जमीन पायाखालीच आहे. फक्त मधले महिने पाण्याखाली काढायचे आहेत. म्हणून बीजुके थोडी, मोठी, शिदोरी बरोबर घेतलेली आणि घरातच राहणारी.

डच वनस्पतिशास्त्रज्ञ हाइन्यो ड्यूरिंग यांनी १९७९ साली मॉस व त्यांच्या भावंडांच्या जगण्याच्या रीतींचे जे वर्गीकरण केले, त्यात या दोन पद्धती वेगळ्या काढल्या आहेत: कुठे उघडेल याचा भरवसा नसलेल्या जागांवर जगणारे भटके, आणि ठरावीक काळाने त्याच जागी उघडणाऱ्या जमिनीवर हंगामापुरते परतणारे. धनगराचा वाडा आणि उसाच्या हंगामाला दर वर्षी त्याच गावी येणारी टोळी यांत जो फरक, तोच इथे आहे. दोघेही फिरस्ते, पण दोघांची पथारी बांधण्याची तऱ्हा निराळी.

जगण्याच्या रीतीप्रमाणे कुपी बदलते, याचा वर्गीकरणाला फटका बसला. दात आहेत की नाहीत, झाकण आहे की नाही, देठ केवढा, यांवरून जुन्या अभ्यासकांनी या कुलात प्रजाती पाडल्या. म्हणून पेटन्स ही जाती फिस्कोमिट्रेला या वेगळ्या प्रजातीत गेली. डीएनए हाती आल्यावर चित्र बदलले. देठ आखडणे, दात जाणे, झाकण जाणे हे या कुलात एकदा घडलेले नाही. वेगवेगळ्या शाखांत ते पुन:पुन्हा, स्वतंत्रपणे घडले आहे. फिस्कोमिट्रेला या नावाखाली ठेवलेली रोपे एका घराण्यातली नव्हतीच. म्हणून आता पेटन्स फिस्कोमिट्रियममध्ये परतली आहे. कुपीचा आकार वंशावळीपेक्षा जमिनीबद्दल अधिक सांगतो, ही गोष्ट या कुलाने वर्गीकरणकारांना शिकवली.

ही भावंडे एकमेकांना किती जवळची आहेत, हे त्याआधीच एका प्रयोगातून दिसले होते. १९२०च्या दशकात फ्रिट्झ फॉन वेटश्टाइन या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने फ्यूनेरिया आणि फिस्कोमिट्रियम यांचा संकर केला. वेगळ्या प्रजाती मानलेल्या या दोघांची संतती जगली. इतकेच नव्हे, तर तिची ठेवण आईवर गेली. केंद्रकाबाहेरचा पेशीरसही वारसा पुढे नेतो, या विचाराला त्यातून आधार मिळाला.

जी घाई गाळावर उपयोगी होती, तिनेच हे मॉस प्रयोगशाळेत नेले. १९६२ साली हॅरल्ड व्हाइटहाउस यांनी इंग्लंडमधल्या ग्रॅन्सडेन वनातून पेटन्सचा नमुना आणला. त्यातल्या एका बीजुकापासून वाढवलेला वाण जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला. १९९७ मध्ये लोझान येथे डिडिए शेफर आणि जाँ-पिएर झ्रीड यांनी दाखवले, की या मॉसमध्ये हवे ते जनुक नेमक्या जागी बदलता येते. त्या काळी वनस्पतींत ही सोय दुर्मीळ होती. २००८ साली तिचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. कुठल्याही मॉसचा तो पहिला. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये याच मॉसकडून फॅब्री या आनुवंशिक आजारावरचे एन्झाइम तयार करून घेतले गेले आणि माणसांवर त्याची प्राथमिक चाचणीही झाली.

आपल्या देशाचाही यात वाटा आहे. फिनलंडचे ब्रोथेरस यांनी नाव दिलेले फिस्कोमिट्रियम कूर्गेन्स हे नावाप्रमाणेच कोडगूचे, म्हणजे आपल्याच पश्चिम घाटातले मॉस. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्ली विद्यापीठात मनोहर लाल यांनी ते काचेच्या नळीत वाढवले आणि मीलनाशिवायच त्यावर कुपी आणून दाखवल्या. दोन पिढ्यांमधली जी सीमारेषा आपण पाठ केलेली असते, ती तिथे ओलांडली गेली.

पण प्रयोगशाळेतल्या मुक्कामाची जी गोष्ट मला आजच्या विषयासाठी सर्वांत मोलाची वाटते, ती यशाची नाही. ग्रॅन्सडेन वाण वर्षानुवर्षे तंतूंचे तुकडे करून वाढवला गेला. पाणी कधी चढले नाही, गाळ कधी बुडाला नाही, बीजुके करण्याची निकड राहिली नाही. हळूहळू अनेक प्रयोगशाळांतल्या या वाणाची नर-जननक्षमता ढासळली; नर पेशी नीट पोहेनाशा झाल्या. शेवटी जर्मनीत रॉयट इथून नव्याने नमुना आणावा लागला. जमीन काढून घेतली, तेव्हा जमिनीने घडवलेला गुण काही दशकांत सैल झाला.

आता महाराष्ट्राविषयी. फ्यूनेरिया, एन्टोस्थोडॉन आणि फिस्कोमिट्रियम या तिन्ही प्रजाती पश्चिम घाटात आहेत. आणि या कुलाला लागणाऱ्या दोन्ही प्रकारच्या जमिनी आपले शेतकरी दर वर्षी स्वतःच्या हाताने तयार करतात. कोकणात आणि मावळात पावसाआधी राब भाजतात. दक्षिण कोकणात त्यालाच भाजावळ म्हणतात. फांद्या, पाचोळा, शेण आणि गवत पसरून जमीन भाजायची आणि त्या राखेत भाताचे किंवा नाचणीचे रोप टाकायचे. दुसरीकडे, धरणांचे पाणी दिवाळीनंतर उतरू लागले, की पोटातली जमीन उघडी पडते आणि तिथे गाळपेर होते. पावसाळ्यात तीच जमीन पुन्हा पाण्याखाली जाते. राख आणि गाळ. सह्याद्रीत वणवे लागतात ते आणखी वेगळेच.

समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना मी इथे काम सुचवतो. ज्या गावात तुमचे घर किंवा आजोळ आहे, तिथला एक राब आणि जवळच्या जलाशयाची एक गाळपेर जमीन निवडा. राबाची पाहणी पहिल्या पावसापासून सुरू करा आणि रोपे काढून नेल्यावरही थांबवू नका. गाळाची पाहणी पाणी हटल्यापासून पुन्हा चढेपर्यंत करा. मॉस दिसले, की तारीख, मातीची ओल आणि सावली यांची नोंद करा, थोडेसे उचलून कागदी पाकिटात वाळवा. प्लास्टिकच्या पिशवीत ते कुजते. महाविद्यालयात आल्यावर चार गोष्टी मोजा: देठाची लांबी, कुपीचा वाक, तोंडावरचे दात आणि बीजुकाचा व्यास.

मी मांडलेला विचार खरा असेल, तर राखेवर या कुलातली लांब देठाची, दातांची आणि बारीक बीजुकांची रोपे अधिक मिळाली पाहिजेत. गाळावर आखूड देठाची, बिनदाती आणि मोठ्या बीजुकांची. आपला पाऊस युरोपच्या पावसासारखा वर्षभर विभागलेला नाही. चार महिने कोसळून तो आठ महिने पाठ फिरवतो. तेव्हा इथे हा हिशेब थोडा वेगळाही निघू शकेल: राब दर वर्षी त्याच वाफ्यात भाजला जात असेल, तर तिथली राखही गाळासारखीच भरवशाची ठरते, आणि मग तिथल्या मॉसने कोणती रीत धरली, हे पाहण्यासारखे आहे. तुमच्या नोंदी माझ्या विधानाच्या उलट गेल्या, तर विधान बदला, नोंदी बदलू नका. पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर त्या नोंदी वाचल्या जाव्यात, अशी संयोजकांना माझी विनंती आहे.